धाकट्याने सही करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

धाकट्याला विक्रीची नोकरी मिळतेय, पगाराहून कमिशनच जास्त पडेल म्हणतोय, हे आईकडून कळलं. बाबा, तुम्ही त्याला 'टक्के किती' विचारलंत. ते विचाराच, पण त्याआधी हे विचारा: विक्री झाली असं कंपनी कधी धरते? ऑर्डर आली तेव्हा, बिल फाटलं तेव्हा, की गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाले तेव्हा? लबाडी टक्क्यांत क्वचितच असते, ती या तारखांत असते.

समजा महिन्याचं टार्गेट 100 नग, आणि 80 च्या खाली कमिशन शून्य. पोराने 82 विकले. त्यातल्या 3 नगांचं बिल 30 ऐवजी 1 तारखेला फाडलं की त्याच्या नावावर राहिले 79. ते 3 नग पुढच्या महिन्यात दिसतात, त्यामुळे कागदावर सगळं चोख. 79 नगांचं कमिशन मात्र बुडालं.

दुसरा सापळा 'हमखास रक्कम' या शब्दात. ती पगार आहे की कमिशनपोटी उचल, हे नेमणूकपत्रात वाचा. उचल 20 हजार रुपये धरा. पहिल्या महिन्यात कमिशन 12 झालं तर 8 अंगावर चढले. दुसऱ्या महिन्यात 25 कमावले तरी हातात 20 च. वरचे 5 जुन्या बाकीत गेले, आणि अजून 3 देणं उरलंच. नोकरी सोडताना ही बाकी मागतात का, तेही त्यात लिहिलेलं हवं.

महिनाअखेरीस साहेब म्हणतील, डीलरकडे माल टाक, नंतर बघू. डीलरला नको असलेला माल दोन महिन्यांत परत येतो आणि दिलेलं कमिशन पोराच्या खिशातून कापलं जातं. माल टाकायला सांगणारा तोवर बदली होऊन गेलेला असतो! असं तोंडी सांगितलं की त्याच संध्याकाळी साहेबांना मेल करायचा: 'आपण सांगितल्याप्रमाणे अमुक डीलरला अमुक नग पाठवतोय.' उत्तर आलं नाही तरी चालेल, तारीख नोंदली जाते.

त्याला एक साधी वही घेऊन द्या. रकाने: ऑर्डरची तारीख, ऑर्डर नंबर, नग, दर, बिलाची तारीख, वसुलीची तारीख, येणं कमिशन, आलेलं कमिशन. महिना संपला की बेरीज मेलने कळवायची: 'माझ्या हिशेबाने 82 नग, फरक असल्यास सांगावं.' नेमणूकपत्र, कमिशनची योजना, टार्गेटची पत्रं आणि पगाराच्या पावत्या यांच्या प्रती घरी ठेवायच्या. राजीनामा दिला की ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद होऊ शकतो. गिऱ्हाइकांची यादी मात्र घरी आणायची नाही, नाहीतर चोरीचा आळ त्याच्यावरच उलटेल.

आणि बाबा, कमिशन थकलं तर वसुलीच्या रकमेतून परस्पर कापून घे, असं त्याला चुकूनही सांगू नका. त्याचं येणं राहील बाजूला, अफरातफरीची तक्रार आधी होईल.

सोडायची वेळ आलीच तर कमिशन वाटपाची तारीख पाहून राजीनामा. 'त्या दिवशी नोकरीत असलेल्यांनाच' अशी एक ओळ बऱ्याच योजनांत असते. 'आता काही येणं नाही' असं लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही नको. थोडंच दिलं तर कशाचं किती राहिलं ते लेखी कळवावं. कामगार कार्यालयात तक्रारीला मुदत असते, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात देतो' वर वर्ष काढायचं नाही. अनामत म्हणून कोरा चेक किंवा मूळ प्रमाणपत्रं मागितली, तर मला आधी फोन.

आई, नेमणूकपत्राच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलास, त्यात काही नाही. मागे जोडलेलं कमिशनचं कोष्टक आणि त्याखालची बारीक अक्षरं पाठव. तसं पानच नसेल तर त्याने ते मागून घ्यावं, सही त्यानंतर.

तुमची,
ताई