आपली पोरं मोठी झाली, म्हणून परत हात पुढे करतोय

सगळ्यांना नमस्कार. घाईत टाईप करतेय, चूकभूल समजून घ्या.

आपला पालक गट सुरू झाला तेव्हा पोरं चार-पाच वर्षांची होती. अमळनेरात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, म्हटलं की लोक विचारायचे, हा कोणता ताप? तेव्हा आपल्या रिटायर हेडमास्तर सरांनी वाड्याची ओसरी दिली, नुसती दिली नाही तर सकाळी स्वतः झाडून ठेवायचे, बाजारपेठेतल्या कापडवाल्या शेठजींनी सतरंज्या पाठवल्या, आणि ज्या मावशींनी पापड-कुरडया विकून पहिला झोका आणला त्यांना नाव छापलेलं आवडत नाही म्हणून लिहीत नाही, पण झोका अजून आहे, फक्त कड्या बदलल्या.

आता तीच पोरं तेरा ते अठराची झालीत आणि खरा त्रास आत्ता आहे. ऑटिझमवाल्या 100 मुलांत साधारण 40 जणांना चिंतेचा आजारही असतो असं अभ्यासातून दिसलंय. शाळेच्या दिवशीच पोट दुखतं, एकच प्रश्न वीसदा विचारतात, नाहीतर एकदम चिडतात, आणि आपण म्हणतो लाडावला. सखाराम महाराजांच्या यात्रेत सगळं गाव बोरी नदीच्या पात्रात, आणि आमच्यातली एक माय दार लावून पोराजवळ बसलेली, कारण ढोल वाजला की तो पलंगाखाली जातो.

याला उपचार आहे. नाशिकच्या मॅडम सीबीटी करतात, म्हणजे भीतीचे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी थेरपी, पण आपल्या पोरांना झेपेल अशी, चित्रं काढून. भीती 0 ते 10 मध्ये मोजायची, मग शिडी करायची: आधी स्टँड लांबून पाहायचा, मग आत उभं राहायचं, मग कंडक्टरकडे तिकीट मागायचं. ढकलायचं नाही. डोळ्यात बघ म्हणून दामटायचं नाही. बाकी गप्पा कशा सुरू करायच्या, कुणी चिडवलं तर काय, हे आठ पोरांचा ग्रुप करून शिकवायचं, आणि आईबापांनीही बसायचं कारण घरी सराव आपल्यालाच घ्यायचाय.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, सरकारचा निरामय आरोग्य विमा पण 1 लाखापर्यंत आहे, पण थेरपीला त्यातला थोडाच हिस्सा मिळतो. मागच्या मीटिंगला 40 कप चहा टाकला होता आणि सहा जण आले. गणपतीच्या डीजेला वर्गणी अर्ध्या तासात जमते हो. बोलायचं नव्हतं, बोलून गेले.

तर हा ग्रुप 16 रविवार चालवायचाय, मॅडमची फी-प्रवास 4,500 प्रमाणे 72,000, कानावरचे हेडफोन-झेरॉक्स-नाश्ता 13,000, एकूण 85,000, जमा 31,000, कमी 54,000. पैसे खजिनदार काकांकडेच द्या, नंबर ग्रुपवर आहे. 80जी म्हणजे देणगीवरची करसवलत नाही, साधी पावती मिळेल. कॉलेजची दोन-तीन समजूतदार पोरं रविवारी सोबत बसायला मिळाली तर तीही हवीत, आणि महिनाअखेरपर्यंत कळवा, मॅडमच्या तारखा अडकवून ठेवल्यात.