वहिनी, ऐन सीझनात कॉम्प्युटर सावरलात त्याबद्दल

वहिनी, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "असू दे हो भावजी, त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. शिवाय तुम्ही जे करून दाखवलंत ते आपल्या देवगडात अजून कितीतरी घरांना उपयोगी पडेल, कारण आंब्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या बऱ्याच घरांत असाच एक जुना कॉम्प्युटर आहे आणि एप्रिल-मे आला की सगळा भार त्याच्यावर पडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंबा अढीत लावलेला, मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी धडाधड येतायत, एक्सेलमध्ये गिऱ्हाइकांची यादी उघडी, ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप, पेट्यांची लेबलं प्रिंट होतायत, आणि मधेच स्क्रीनवर चौकोन येणार की युवर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी, फाईली सेव्ह करा आणि प्रोग्राम बंद करा. मग एक्सेल पांढरं पडून लटकायचं. रिस्टार्ट केलं की सकाळभर सुरळीत, दुपार झाली की पुन्हा तेच. ज्याला विचारावं तो म्हणायचा फॉरमॅट मारा नाहीतर नवीन मशीन घ्या. ट्रान्सपोर्टची गाडी दारात उभी असताना फॉरमॅट कसला मारणार, आणि नवीन मशीनचे पैसे सीझन संपल्याशिवाय हातात येत नाहीत.

तुम्ही आलात आणि कशालाच हात न लावता आधी विचारलंत, "सकाळी येतो का हा मेसेज, की दुपारी?" माझ्या मते निम्मं काम त्या प्रश्नातच झालं. मशीनच कमी पडत असतं तर सगळं एकदम उघडल्यावर लगेच अडलं असतं, पण चालू केल्यावर तासन् तास बरं आणि मग बिघडतं याचा अर्थ आत काहीतरी हळूहळू जागा धरत जातंय. ही गोष्ट तोवर कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

मग तुम्ही इव्हेंट व्ह्यूअर उघडलात, म्हणजे विंडोज आपल्या बारीकसारीक घडामोडींच्या नोंदी ठेवतं ती वही. असलं काही विंडोजमध्ये असतं हेच आमच्या घरात माहीत नव्हतं. सिस्टीमच्या लॉगमध्ये तुम्ही 2004 नंबरच्या नोंदी शोधल्यात, रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर नावाच्या भागाने लिहिलेल्या. व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅम आणि तिच्या जोडीला डिस्कवरची जागा मिळून होणारी मेमरी, संपत आली की विंडोज स्वतःच तिथे लिहून ठेवतं आणि त्या क्षणी सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या तीन प्रोग्रामची नावंही देतं. म्हणजे जो सवाल आम्ही गावभर विचारत होतो त्याचं उत्तर मशीनच्या पोटातच होतं! ब्राउझर त्या यादीत कधी पहिला कधी दुसरा, पण प्रिंटरबरोबर आलेला एक मदतनीस प्रोग्राम प्रत्येक नोंदीत हजर.

मी म्हटलं पण टास्क मॅनेजरमध्ये तर रॅम शिल्लक दिसतेय, चारातली एक जीबी मोकळी, मग मेमरी संपली कशी. त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी आता सगळ्यांना सांगतो. गिऱ्हाइकाने पेटी बुक केली की फळ अजून झाडावर असलं तरी ती पेटी दुसऱ्याला कबूल करता येत नाही, तसं प्रोग्रामने मेमरी मागितली आणि विंडोजने देतो म्हटलं की ती वापरली असो वा नसो, ती हिशेबात धरली जाते. याला म्हणतात कमिट. आणि विंडोज एकूण कबूल किती करू शकतं तर रॅम अधिक सी ड्राइव्हवरची पेजफाईल (डिस्कवरची मेमरीसारखी वापरायची फाईल), तेवढंच. आमच्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीखाली कमिटेड 4.8 भागिले 4.9 जीबी असं दिसत होतं. रॅमपैकी वापरात येते 3.9 जीबी, म्हणजे पेजफाईल फक्त एक जीबीची.

ती एक जीबी कशी, तर मागे मशीन दुरुस्तीला गेलं होतं तेव्हा तिथे कोणीतरी व्हर्च्युअल मेमरीची सेटिंग ऑटोमॅटिकवरून काढून 1024 एमबीवर पक्की करून ठेवली होती. डिस्कवरची जागा वाचते, स्पीड वाढतो असं सांगून हे सर्रास करतात, कोणी कोणी तर पेजफाईल पूर्ण बंदच करतात. तुम्ही त्यावर एवढंच म्हणालात की पेजफाईल बंद केल्याने रॅम वाढत नाही, कबूल करायची मर्यादा तेवढी खाली येते. हे मी वहीत लिहून ठेवलंय.

(नंतर सवडीने वाचलं तेव्हा कळलं की डिस्कवरची जागा मेमरीसारखी वापरायची ही युक्ती मँचेस्टर युनिव्हर्सिटीच्या ॲटलस कॉम्प्युटरवर 1962 सालीच आली होती, तेव्हा डिस्कऐवजी फिरता ड्रम असायचा. एवढी जुनी गोष्ट आमच्या पडवीतल्या मशीनमध्ये रोज चाललीय हे वाचून फार भारी वाटलं.)

त्या प्रिंटरच्या प्रोग्रामचं मात्र मला खरंच आश्चर्य वाटलं. साध्या प्रोसेसेसच्या यादीत तो खूप खाली, कोणाचं लक्षही जाणार नाही. तुम्ही डिटेल्सच्या टॅबवर गेलात, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून कमिट साईज हा कॉलम लावलात आणि तो एकदम वर आला, तेरा लाखाच्या वर के (किलोबाइट), म्हणजे जवळपास सव्वा जीबी, आणि प्रिंटर तर बंद होता. मेमरी मागत जायचं आणि परत द्यायचीच नाही, यालाच मेमरी लीक म्हणतात हे तेव्हा प्रत्यक्ष बघितलं. तो मदतनीस तुम्ही काढून टाकलात, नुसता ड्रायव्हर ठेवलात, प्रिंट पहिल्यासारखीच येतेय.

पेजफाईल पुन्हा ऑटोमॅटिकवर टाकण्याआधी तुम्ही सी ड्राइव्ह बघितलात ते बरं केलंत, कारण तो लालेलाल होता आणि फाईलला वाढायला जागाच नसेल तर ऑटोमॅटिक करून काय उपयोग. व्हॉट्सॲपवरून उतरवलेले गणपतीचे व्हिडिओ डी ड्राइव्हवर गेले, डिस्क क्लीनअप झालं, हायबरनेट बंद करून त्याची काही जीबीची फाईल गेली. आणि रॅम क्लीनर म्हणून जे ॲप घातलेलं होतं तेही तुम्ही काढलंत, ते आकडा खाली आणून दाखवतं आणि प्रोग्रामना पुन्हा डिस्कवरून सगळं उचलायला लावतं. जाता जाता कॅबिनेट उघडून, वायर काढून, रॅमची पट्टी खोडरबराने पुसलीत, खाऱ्या हवेने त्यावर डाग धरायला लागलेच होते. त्याचा या एररशी संबंध नाही हेही स्पष्ट सांगितलंत. हे मला फार आवडलं, कारण दुसऱ्या कोणी त्याचंच बिल लावलं असतं.

त्यानंतर कमिटेडचा आकडा दुपारीही सकाळच्या जवळपासच राहायला लागला. उरलेला सीझन एकदाही तो चौकोन आला नाही. शेवटची गाडी गेल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार जीबीची दुसरी डीडीआर थ्री पट्टी घातली, पण लीक आधी शोधल्याशिवाय पट्टी घेऊ देत नव्हता हे लक्षात आहे. नाहीतर दुपारी येणारा मेसेज फार तर संध्याकाळी आला असता. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय म्हणून बँकेची कामं या मशीनवर करायची नाहीत हेही घरात सगळे पाळतायत.

पुण्यात नोकरी केलेली सून गावात येऊन काय करणार असं बोलणारे होते आपल्या वाडीत. त्यांच्यापैकी एकाचा कॉम्प्युटर मीच परवा तुम्ही दाखवलेल्या वाटेने बघितला, त्याच्याकडे पेजफाईल पूर्ण बंद होती. पाच मिनिटांत चालू झालं आणि तुमचं नाव घेऊनच मी उठलो. आये तर रोज विचारते, ता चेडू परत कधी येतला, त्या दिवशी च्या न घेताच गेला.

आता एक विनंती. बागायतदारांच्या तीन-चार घरांतून विचारणा आहे की हे इव्हेंट व्ह्यूअर आणि कमिट साईज आम्हालाही बसून शिकवाल का. माझ्या पडवीत बसू, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, आणि या वेळी तुमच्या वेळेचे पैसे घ्यावेच लागतील, ते आधीच सगळ्यांशी बोलून ठेवलंय. पाऊस सुरू व्हायच्या आत कुठला रविवार जमेल तेवढं कळवा.

तुमचा,
खालच्या वाडीतला भावजी