दहा वर्षांनी भेटायला येणारी मुलं

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी चुकीच्या कॉलेजात येऊन पडले, आणि हे मला आयुष्यभर नडणार." मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि फोन आईच्या हातात दिला. सव्वीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाला पोटच्या पोरीच्या प्रश्नावर बोलता येऊ नये, याची रात्री लाज वाटली. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, तेव्हा निवांत वाच.

आधी 'चुकीच्या कॉलेजा'चं बघू. नावाजलेल्या कॉलेजांतली मुलं पुढे जास्त कमावतात, हे खरंच. पण ती मुलं मुळातच तशी होती, की कॉलेजनं तशी घडवली? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी हा गुंता सोडवायला एक नामी युक्ती काढली. १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांमधून त्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांकडून होकार-नकार मिळालेली मुलं निवडली. त्यांतली काही मोठ्या नावाच्या कॉलेजात गेली, काहींनी होकार मिळूनही साधं कॉलेज धरलं. पुढे दोघांची कमाई पाहिली तर जवळपास सारखीच. २००२ साली हे छापून आलं, तेव्हा मी चार-चारदा वाचलं होतं. गंमत म्हणजे, जिथून नकार आला त्या कॉलेजांचा दर्जासुद्धा मुलाच्या पुढच्या कमाईचा अंदाज देत होता. म्हणजे तू ज्या कॉलेजासाठी अजून झुरतेस, तिथे अर्ज करण्याइतकी तुझी उडी होती, आणि ती उडी तुझ्याबरोबरच आली आहे. एक अपवाद मात्र त्यांनी नोंदवला होता. गरीब घरातल्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा खरोखर झाला. त्यांच्यासाठी कॉलेजचं नाव हेच ओळखीपाळखीचं काम करत असावं, असं मला वाटतं. हा अपवाद मी लपवणार नाही, कारण सोयीचा तेवढा आकडा सांगणं हे माझ्या विषयात पाप समजतात.

आता माझ्याकडचं सांगतो. वर्षातून पाच-सात जुने विद्यार्थी स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहतात. "सर, ओळखलंत का?" बहुतेकांना मी ओळखत नाही, पण ओळखल्यासारखं करतो. गप्पा सुरू झाल्या की मी कान टवकारून बसतो. त्यांना नेमकं काय आठवतं, हे ऐकायची मला हाव आहे. अभ्यासक्रम कोणालाच आठवत नाही. प्रमेयं तर नाहीतच. एक जण म्हणाला, त्याच्या वहीत मी अर्धं पान भरून शेरा लिहिला होता आणि ते पान त्यानं फाडून जपून ठेवलंय. मला तो शेराही आठवत नव्हता, वहीही नाही. एक मुलगी प्रकल्पासाठी वर्षभर एकाच चौकात उभी राहून वाहनं मोजायची. आम्ही तिला हसायचो, मीसुद्धा. ती सांगत होती, "सर, कंटाळा येऊनही दुसऱ्या दिवशी परत जायचं, हे मी तिथे शिकले. ऑफिसात आजही त्याच्यावरच निभावतं."

पण मनू, इथे तुझ्या बाबातला संख्याशास्त्राचा मास्तर जागा होतो. हा नमुनाच एकांगी आहे. मला भेटायला कोण येतं? ज्यांचं बरं चाललंय आणि ज्यांच्या मनात माझ्याबद्दल काही बरं आहे, तेच. जे येत नाहीत, त्यांचं काय?

त्यांतल्या एकाचं मला कळलं. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतीस. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला मी भर वर्गात म्हणालो होतो, "तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही." तास संपवायची घाई होती, दुसरं कारण नाही. बारा वर्षांनी त्याचा एक वर्गमित्र भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, त्यानं विषयच बदलला, आणि आजही कुठे आकडेमोड आली की तो पुढे बसलेला असला तरी मागे सरकतो. वर हसून म्हणाला, "तुमचं वाक्य त्याला पाठ आहे, सर." माझ्या लेखी ते वाक्य नव्हतंच. जीभ घसरली होती, एवढंच.

२०१४ साली गॅलप ही पाहण्या करणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी मिळून तीस हजारांहून जास्त अमेरिकी पदवीधरांची पाहणी केली होती. ती वाचताना मला हा मुलगा आठवत राहतो. कॉलेज सरकारी होतं की खाजगी, नावाजलेलं की साधं, याचा पुढच्या आयुष्याशी फारसा संबंध दिसला नाही. तीन गोष्टींचा दिसला. आपली माणूस म्हणून काळजी करणारे प्राध्यापक भेटले का, शिकण्याची गोडी लावणारा एक तरी भेटला का, आणि स्वप्नांच्या मागे जायला बळ देणारं कोणी होतं का. ज्यांनी तिन्हींना ठामपणे 'हो' म्हटलं, ते कामात मनापासून रमलेले असण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. आणि असे 'हो' म्हणणारे किती? शंभरात चौदा. एक अख्खं सत्र किंवा त्याहून लांब चाललेला प्रकल्प करणं हेही पुढे उपयोगी पडणाऱ्या गोष्टींत निघालं. चौकातली ती मुलगी तिथे बरोबर बसते. अर्थात, आज ज्याचं बरं चाललंय त्याला मागचे मास्तरही चांगलेच आठवतात, ही शंका आहेच. पण उलट्या बाजूचा माझा पुरावा मला झोपू देत नाही, त्यामुळे शंकेचा आधार मी फार घेत नाही.

"परीक्षा झाली की सगळं पुसलं जातं," हीही तुझी तक्रार होती. पुसलं जातंच. हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञानं शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक लोकांना तपासलं. कोणी नुकतंच शिकलेलं, कोणाला पन्नास वर्षं उलटलेली. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच गळून जातं, पण त्यानंतर जे उरतं ते पुढची पंचवीस-तीस वर्षं जवळपास हलत नाही. ज्यांनी मुळात जास्त आणि नीट शिकून घेतलं होतं, त्यांच्याकडे जास्त उरलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काय उरणार, ते तूच ठरव. मी बोलत नाही, तू रागावतेस.

प्लेसमेंटचं एकाच ओळीत सांगतो. मंदीत पदवी घेतलेल्या कॅनडातल्या मुलांची कमाई सुरुवातीला साधारण नऊ टक्क्यांनी मागे पडली, पण नोकऱ्या बदलत बदलत दहाएक वर्षांत बहुतेकांची ती भरून निघाली.

मैत्रिणींबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. "माझ्या दोघीच मैत्रिणी, बाकी नुसत्या तोंडओळखी," असं म्हणून तू त्या बाकीच्यांना मोडीत काढलंस. तोंडओळखींना कमी लेखू नकोस. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त सहातल्या एकाला ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून, आणि त्यांत कॉलेजातले जुने सोबतीही होते. जिवलग मैत्रिणीला ठाऊक असतं ते बहुधा तुलाही ठाऊक असतं. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणारी, जिचं आडनावही तुला आठवत नाही, ती वेगळ्याच वर्तुळात वावरते. तिच्याशी मैत्री कर असं म्हणत नाही. नाव तरी विचारून ठेव.

आणि त्या बाई, ज्यांनी तुझा प्रयोग चुकल्यावर "का चुकला ते मला सांगायला ये" म्हटलं होतं. तू गेली नाहीस. दीड महिना झाला ना? त्यांना ते आठवतही नसेल, असं तुला वाटतंय. नसेलही. दाराबाहेरून मुलं परत फिरतात हे आम्हाला आतून कळतं, बरं का. पावलं थांबल्याचा आवाज येतो आणि आम्हीही उठून दार उघडत नाही, तपासायचे पेपर समोर असतात. तू दार वाजव.

त्या मुलाचा नंबर मी त्याच्या मित्राकडून घेतला आहे. मुलगा कसला, आता चाळिशीकडे आला असेल. दोनदा नंबर लावून पहिल्या रिंगच्या आत कापला. काय म्हणायचं ते सुचत नाही. माफी मागितली तर तो उलट माझीच समजूत काढेल, अशी भीती वाटते. त्याच्या जागी तू असतीस तर तुला काय ऐकायला आवडलं असतं, तेवढं कळव.

आई विचारतेय, सुट्टीला कधी निघणार ते.

तुझा,
बाबा