पुणे–जळगाव विमानप्रवास ‘२४ मिनिटांचा’ धरून गाडीचा वेटिंग चार्ज लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ॲपवरून मी पुणे–जळगाव विमानाचं तिकीट आणि जळगाव विमानतळावरून भुसावळला जायला गाडी, असं एकत्रच बुक केलं होतं. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर पोचलं. तरी बिलात ४५० रुपये वेटिंग चार्ज लागला. विचारणा केली तर उत्तर आलं, ‘विमानाला उशीर झाल्याने शुल्क परत मिळणार नाही.’

उशीर झालाच नव्हता. गाडी लवकर बोलावली गेली, आणि ती बोलावली आपल्या ॲपने.

ॲपवर ‘अंतर ३१८ किमी, प्रवास २४ मिनिटे’ असं दिसतं. अंतराबद्दल वाद नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर तेवढंच भरतं. (नगर, संभाजीनगर करत रस्त्याने गेलं तर चारशेच्या घरात जातं.) पण त्याला ताशी ८०० ने भागून वेळ काढली आहे. हा वेग जेट विमानाचा, तोही उंचावर गेल्यानंतरचा. मी बसले ते एटीआर ७२ होतं, पंख्याचं. ते ताशी पाचशेच्या आसपास जातं. म्हणजे नुसत्या भागाकारानेच चाळीस मिनिटं होतात. शिवाय चढणं-उतरणं आलं, धावपट्टीपर्यंत जाणं आलं. त्यातून पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं. लढाऊ विमानं सुटत असली की प्रवासी विमान मुकाट थांबतं, हे पुण्यात कोणालाही विचारा.

विमान कंपनी हे सगळं धरूनच वेळ छापते: विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंत. माझ्या तिकिटावर ती एक तास दहा मिनिटं होती. तिकीट आपणच पाठवलंत. त्याच ईमेलमध्ये खाली गाडीची वेळ मात्र विमान सुटल्यानंतर २४ मिनिटांनी! पाठवण्याआधी कोणी वाचतं की नाही?

जळगावला उतरून फोन चालू केला तोच चालकाचा फोन. “ताई, तासभर झाला गाडी लावून उभा आहे, विमान कुठे अडकलं?” त्याला बिचाऱ्याला आपण दिलेली वेळच ठाऊक. त्याच्या थांबण्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत, पण ते आपण द्यावेत, माझ्याकडून घेऊ नयेत.

तेव्हा ४५० रुपये परत करावेत आणि माझ्या बुकिंगवरची ‘विमान उशिरा’ ही नोंद काढावी. गाडीची वेळ तिकिटावरच्या पोचण्याच्या वेळेवरून ठरवावी. २४ मिनिटांचा तो आकडा ठेवायचाच हौसेने, तर ‘प्रवास’ म्हणून नका दाखवू. लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला घ्यायला येणारे त्याच आकड्यावर घरून निघतात.

तिकीट, गाडीचं बिल आणि आपलं उत्तर सोबत जोडलं आहे. पंधरा दिवसांत पैसे जमा झाले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, हीच कागदपत्रं देऊन तक्रार नोंदवेन.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे