अनेक आजार असलेल्या वृद्धांची यादी साथ येण्यापूर्वी तयार हवी

मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

राधानगरीसारख्या डोंगराळ मतदारसंघाचे आपण प्रतिनिधी आहात, त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातली म्हातारी माणसे कशी राहतात हे आपणांस वेगळे सांगायला नको. हे पत्र त्यांच्यातल्या एका गटाविषयी आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी दोन किंवा अधिक आजार ज्यांना एकाच वेळी आहेत, ते पुढच्या साथीत सर्वांत आधी सापडतील. ग्रामीण भागात आरोग्यसेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे, आणि अशा माणसांची नोंद कशी तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते, हे मी जवळून पाहिले आहे.

कोरोनाच्या काळात धोका मोजला गेला तो वयावरून किंवा एखाद्या आजाराच्या नावावरून. 1 मार्च 2021 पासून 60 वर्षांवरील सर्वांना आणि 45 ते 59 वयोगटातील सहव्याधी असलेल्यांना लस मिळू लागली, आणि त्या घाईच्या दिवसांत ही विभागणी योग्यच होती. परंतु साठीपुढच्यांच्या रांगेत रोज शेतावर जाणारा धडधाकट माणूस आणि शुगर, बीपी व निकामी होत चाललेले मूत्रपिंड घेऊन घरात बसलेली विधवा यांचा हक्क सारखा असला, तरी ज्याचे पाय चालत होते तोच पुढे पोहोचत होता. उरलेल्यांना घरोघरी जाऊन लस देणारी ‘हर घर दस्तक’ मोहीम नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाली, तोवर दुसरी लाट कोल्हापुराला झोडपून गेली होती.

एका माणसात अनेक आजार असतात तेव्हा त्यांची नुसती बेरीज होत नाही. वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावतेच. रक्तातली साखर सतत वाढलेली असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम आणखी बिघडते. संसर्ग झाला की त्या ताणाने साखर अधिकच चढते आणि जीव वाचवण्यासाठी दिलेले स्टेरॉइड तिला आणखी वर नेते. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, ज्यांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांतले बहुसंख्य मधुमेही होते, हे आपल्या विभागाला ठाऊक आहेच. असेच दुसरे संकट साध्या गोळ्यांतून ओढवते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या आजींना ताप आणि जुलाब होतात, अंगातले पाणी कमी होते, अंग दुखते म्हणून घरचे दुकानातून वेदनाशामक गोळी आणून देतात, आणि आधीच कसेबसे चालणारे मूत्रपिंड काही दिवसांत थांबते. या सगळ्या गोळ्या एकत्र मांडून पाहणारे कोणीच नसते, कारण शुगरचा केसपेपर सरकारी दवाखान्यात, हृदयाची फाइल खासगी रुग्णालयात आणि गुडघ्यांची चिठ्ठी तिसऱ्याच डॉक्टरांची असते.

थकलेल्या शरीराला संसर्ग झाला तरी पुष्कळदा तापच येत नाही. असा माणूस जेवण टाकतो, असंबद्ध बोलू लागतो, चालताना पडतो, अंथरुणातून उठत नाही. दारात थर्मल गन रोखून हा रुग्ण सापडणार नाही. रोज त्याला ताट वाढणाऱ्या सुनेला विचारले, तरच सापडेल.

शिवाय सगळे वृद्ध एकाच परिस्थितीत नसतात. ब्रिटनमध्ये 2020 साली 1 कोटी 70 लाखांहून अधिक लोकांच्या आरोग्यनोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वय आणि मधुमेह यांच्या जोडीने गरिबी आणि वंश यांचाही कोरोनाने होणाऱ्या मृत्यूंशी संबंध दिसला, आणि त्या लोकांना आधीपासून असलेले आजार हे त्याचे पुरते कारण ठरले नाही. आपल्याकडे दुबळेपणा वेगळ्या वाटांनी येतो. इचलकरंजीत यंत्रमागाच्या कापूसधुळीत आयुष्य काढलेला कामगार एका खोलीत सगळ्या कुटुंबासह झोपतो. विलगीकरणाचा सल्ला तो पाळणार कसा? चुलीच्या धुरात जन्म गेलेल्या बाईला कधीही विडी न ओढता धाप लागते, आणि तिचा दमा कोणत्याही कागदावर नसतो. भुदरगड-शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवरून पावसाळ्यात खाली उतरणेच अवघड, मग महिन्याच्या गोळ्या आणायच्या कोणी?

15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके राज्यभर घरोघर फिरली, आणि ताप व ऑक्सिजन यांबरोबर कोणाला कोणता जुना आजार आहे तेही नोंदवून आली. ते काम मोलाचे होते. अशी नोंद एका मोहिमेपुरती न राहता कायम चालू राहावी, ही माझी मुख्य विनंती आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात पोराबाळांनाही पाठ आहे, आणि पाणी वाढू लागले की कोणत्या गावची माणसे आधी हलवायची हे प्रशासन जाणते. साथीसाठी अशीच पूर्वतयारी आरोग्य विभागाने करावी. जुलै 2021 मध्ये महापूर आणि कोरोना एकदमच आले होते. घर सोडण्याच्या गडबडीत गोळ्यांची पिशवी मागे राहिली, तर निवाऱ्यातल्या डॉक्टरांना त्या माणसाचे आजार कळावेत कसे?

म्हणून प्रत्येक उपकेंद्रात दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असलेल्या वृद्धांची एकच यादी असावी, तिच्यात ते एकटे राहतात का, चालू शकतात का आणि हाकेला कोण धावेल हेही असावे, आणि दर सहा महिन्यांनी ती तपासली जावी. आशाताईंवर आधीच कामाचा भार मोठा आहे, त्यामुळे या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. प्रत्येक वृद्धाजवळ सगळे आजार आणि सगळ्या गोळ्या लिहिलेला मराठीतला एकच कागद असावा, आणि साथ किंवा पूर यांची चाहूल लागताच यादीतल्यांना पुरेशा गोळ्या घरपोच मिळाव्यात. 70 वर्षांवरील सर्वांना 5 लाखांपर्यंत उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड स्वागतार्ह आहे. परंतु ते उपयोगी पडते रुग्णालयात दाखल झाल्यावर, आणि दाखल होण्याची वेळ टाळणारी रोजची गोळी त्यातून मिळत नाही.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून व्हावी: डोंगरातला राधानगरी आणि पुराचा शिरोळ, असे दोन तालुके येत्या पावसाळ्याआधी निवडावेत. यादी करण्याच्या कामात निवृत्त आरोग्यसेविकांची मदत घेता येईल. मी स्वतः त्यासाठी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. कोल्हापूर