बाबांचं चूर्ण, आईचा आग्रह आणि माझं ताट

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोन लावला की आई विचारते, "आज काय खाल्लंस?" आणि मागून बाबांचा आवाज येतो, "चूर्ण सुरू केलं का, विचार तिला." दोन्ही उत्तरं फोनवर अर्धवट राहतात आणि मग तुम्ही दोघं काळजी करत बसता. म्हणून आज सविस्तर लिहितेय. पाचवा महिना संपत आलाय, मळमळ थांबलीय, दुपारी तासभर निवांत मिळतो.

आधी चूर्णाचं. बाबा, बरणी पोचली. झाकणावर हिरवं पान, खाली ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही'. बरणी चारी बाजूंनी फिरवून बघितली. आत कोणकोणत्या वनस्पती आहेत, किती आहेत, कुणी तपासल्या, यातलं एक अक्षरही नाही. मी ते घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. रागावू नका, तुम्ही किती मायेने पाठवलंत ते कळतं मला. पण २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या सहा गरोदर बायकांची माहिती अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने प्रसिद्ध केली होती. पारंपरिक औषधं म्हणून घेतलेल्या गोळ्यांमधून त्यांच्या रक्तात शिसं गेलं होतं. शिसं वारेतून, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणाऱ्या अवयवातून, सरळ बाळापर्यंत पोचतं, आणि त्याचा घाव मेंदूवर बसतो. शिसंही निसर्गातलंच की!

बरं, भेसळ नसली तरी प्रश्न संपत नाही. ज्येष्ठमध बघा. साधं गोड मूळ, पण त्यातलं ग्लिसिरायझिन रक्तदाब चढवतं. शिवाय आईच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बाळापर्यंत जास्त जाऊ नये म्हणून वारेत जी सोय असते, ती ढिली करतं. फिनलंडमध्ये तर गरोदर बायकांना ते टाळायलाच सांगतात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. गाजरातून किंवा पालेभाजीतून येतं ते खुशाल खावं, शरीर लागेल तेवढंच करून घेतं. पण कलेजीत ते तयार स्वरूपात आणि भरमसाट असतं, आणि पहिल्या महिन्यांत त्याचा अतिरेक झाला तर बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणून 'नैसर्गिक आहे का' हे मी विचारतच नाही. त्यात काय आहे आणि किती आहे, एवढंच विचारते. तुम्ही आयुष्यभर हिशेब तपासलेत बाबा, तुम्हाला हे पटायला हवं.

उलट मळमळ होती तेव्हा आलंच कामी आलं. पहाटे डोळे उघडले की पोट ढवळायचं. उठून बसण्याआधीच उशाशी ठेवलेलं कोरडं बिस्किट तोंडात टाकायचं, मग आल्याचं कोमट पाणी घोट घोट. आल्याने मळमळ थोडी कमी होते हे तपासलेलंही आहे, म्हणून घेतलं. तेव्हा आजीबाईच्या बटव्याशी माझं भांडण आहे असं समजू नका.

आता आई, तुझं. "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हे तू रोज म्हणतेस. अगं, दुसरा जीव अजून तळहातापेक्षा थोडा मोठा आहे! पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं जवळपास काहीच लागत नाही. मधल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण ३४० कॅलरी जास्त आणि शेवटच्या तीनमध्ये ४५० च्या आसपास. म्हणजे एक मोठा ग्लास दूध, मूठभर दाणे आणि एखादं फळ, झालं. मूळचं वजन बेताचं असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढणं योग्य धरतात. आधीच वजन जास्त असेल तर त्याहून कमी. माझा काटा बरोबर चाललाय.

पण तुझी धास्ती अगदीच खोटी नाही, हेही सांगते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धात, नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांचा पुढे म्हातारपणापर्यंत अभ्यास झाला. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्यांच्या आया उपाशी राहिल्या, त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त दिसला. म्हणून या दिवसांत डाएट वगैरे नाही. उपासही बंद केलेत, त्यावरून कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव.

तुम्हाला न सांगता केलेली एक गोष्ट आहे. बातमी कळण्याच्या तीन महिने आधीपासून मी फोलिक ॲसिड घेत होते, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, आणि तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. पाळी चुकल्यावर धावाधाव करून उपयोग कमी. या जीवनसत्त्वाचा माग आपल्या मुंबईतच लागला होता, हे वाचून मला मजा वाटली. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळ्याच तऱ्हेचा रक्तक्षय होत होता. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बऱ्या होतात, हे तिने १९३१ मध्ये लिहिलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य फोलेट होतं, हे पुढे कळलं.

तयारी एकटीची नव्हती बरं का. तुमच्या जावयांनी सिगारेट तेव्हाच सोडली. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तेव्हा त्यांनाही आधीच सुधारावं लागतं. (बाबा, ही ओळ वाचली नाहीत तरी चालेल.)

हिमोग्लोबिन १०.४ आलंय. घाबरू नका. या दिवसांत रक्तातलं पाणी जवळपास दीडपट होतं, लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात, त्यामुळे आकडा थोडा उतरतोच. तरी लोहाची गोळी चालू आहे. ती लिंबाच्या पाण्याबरोबर घेते, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा त्यानंतर तासाभराने, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. चहा-कॉफी सोडलेली नाही, दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत ठेवलीय. आणि आई, बीट लाल असतं म्हणून त्याने रक्त वाढतं असं नाही गं. लोह त्यात थोडकंच असतं. डाळी, कडधान्यं, अंडी, पालेभाज्या त्यापेक्षा बऱ्या, आणि वर लिंबू पिळायचं. कच्चं दूध बंद, अंडं पूर्ण शिजलेलं. रोज अर्धा तास चालते. बाकी सगळं तुला माहीत आहे तेच.

बाळंतपणाच्या वेळी तुम्ही दोघं येणार, त्याचं आत्ताच बोलून ठेवते. नंतर डोकं ठिकाणावर असेलच असं नाही. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर दूध येतं, चमचा-चमचाच. बाळाचं पोट तेवढंच असतं. तेव्हा "दूध पुरत नाहीये" असं कुणी म्हणायचं नाही, बाळ रडलं तरी नाही. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. मला तहानेपुरतं पाणी हवं, ताटात भाजी-डाळ-फळं हवीत आणि थोडं जास्त अन्न हवं. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला ५०० च्या आसपास कॅलरी जास्त लागतात, म्हणजे गरोदरपणापेक्षाही थोड्या जास्तच. आई, तुझा हात तेव्हा मोकळा सोड. एका हाताने खाता येईल असं काहीतरी कायम झाकून ठेवलंस तर तुझे पाय धरीन. लोहाच्या गोळ्या तेव्हाही चालूच राहणार, त्या "आता कशाला" म्हणून कपाटात जाऊ देऊ नका.

बाळाला सहा महिने फक्त दूध. पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षभर बोटावरही नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्याने काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, श्वासही अडकू शकतो. यावर मात्र मी कुणाचंही ऐकणार नाही.

बाबा, तुमच्यासाठी खास काम आहे. मी झोपेन तेव्हा बाळ तुमच्याकडे. आणि माझ्यावर जरा लक्ष ठेवा. पहिल्या आठवड्यात रडू येणं बऱ्याच जणींना होतं. पण दोन आठवड्यांनंतरही मी गप्प-गप्प असले, बाळाकडे बघावंसं वाटत नसलं, तर "थकलीय बिचारी" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आईला हे सांगितलं तर ती आधी स्वतःच रडेल, म्हणून तुम्हाला सांगतेय.

आता तुमच्याकडून मला एक माहिती हवीय, आणि ती लवकर हवीय. पुढच्या महिन्यात माझी साखरेची चाचणी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन रक्त देतात, ती. घरात कुणाला मधुमेह आहे का, हे डॉक्टरांनी विचारलंय. बाबांचं लिहून दिलंय. आई, माझ्या किंवा दादाच्या वेळी तुझी साखर वाढली होती का? आमची जन्मवजनं किती होती? तुझ्या जुन्या फायली माळ्यावरच्या निळ्या पेटीत असतील. बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस, दादाला काढायला सांग आणि पानांचे फोटो पाठव.

तुमची लेक