फॉरमॅट मारला म्हणजे झाले?

संपादक महोदय,

आपल्या सोलापुरात चाटी गल्लीतल्या पेढीपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यापर्यंत सेकंडहँड संगणक सर्रास घेतले जातात. ‘फॉरमॅट मारून दिलाय’ एवढ्या शब्दावर टॅली, जीएसटी आणि बँकेचे व्यवहारही त्यावर सुरू होतात.

हा फॉरमॅट बहुधा फक्त सी ड्राइव्हचा असतो. शेजारचे शे-दोनशे एमबीचे ईएफआय पार्टिशन (डिस्कचा छोटा भाग, यात विंडोज सुरू करणाऱ्या फायली असतात) एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, म्हणून ते तसेच राहते. २०२३ मध्ये ‘ईसेट’ या सुरक्षा कंपनीने उलगडा केलेले ब्लॅकलोटस हे घातक सॉफ्टवेअर तिथेच बसते आणि विंडोजच्या आधी जागे होते. २०१८ मध्ये सापडलेले लोजॅक्स हे तसलेच सॉफ्टवेअर तर मदरबोर्डवरच्या बायॉस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) चिपमध्येच घर करते. हार्डडिस्क बदला, ते हलत नाही.

घेण्यापूर्वी दुकानातच विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ टाइप करावे. बायॉस मोड ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाच परका कोड अडवणारी तपासणी) ‘ऑन’ दिसायला हवे. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना सिक्युअर बूट बंद करतात आणि पुन्हा चालू करायचे विसरतात. मोड ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर सेटिंग नुसते फिरवू नये, विंडोज सुरूच होणार नाही. आधी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीतून जीपीटी या नव्या मांडणीत न्यावी लागते.

पाहायची तिसरी ओळ बायॉसच्या तारखेची. ती डिसेंबर २०२३ पूर्वीची असेल, तर ‘लोगोफेल’ या त्रुटीची दुरुस्ती त्यात असण्याची शक्यता कमी. सुरुवातीला कंपनीचा लोगो दाखवणाऱ्या कोडमधलीच ती चूक. लोगोच्या जागी घातक चित्र ठेवले की त्यातला कोड सिक्युअर बूटच्या तपासणीआधीच चालतो. म्हणजे ‘ऑन’ दिसले म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही!

बायॉस अपडेट उत्पादकाच्याच साइटवरून, नेमका मॉडेल क्रमांक पाहून घ्यावे. आधी बिटलॉकर (विंडोजचे डिस्कचे कुलूप) तात्पुरते थांबवावे, नाहीतर पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. आणि आपल्याकडची वीज लक्षात घेता यूपीएसशिवाय हात लावूच नये. मध्येच वीज गेली तर बोर्ड मृतवत होतो. मग क्लिप लावून प्रोग्रामर नावाच्या यंत्राने चिप पुन्हा लिहावी लागते. चिप १.८ व्होल्टची आणि प्रोग्रामर ३.३ चा निघाला, तर चिपच जळू शकते.

शिवाय सिक्युअर बूटची २०११ ची मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्रे (विश्वासू कोड ओळखणारी डिजिटल ओळखपत्रे) २०२६ मध्ये जून ते ऑक्टोबरदरम्यान संपतात. संगणक त्यानंतरही सुरू होईल, पण नवी प्रमाणपत्रे नसतील तर बूटच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळणार नाहीत.

विक्रेत्यांनी बिलावर बायॉसची तारीख आणि सिक्युअर बूटची स्थिती लिहून द्यावी. ज्या मॉडेलची अपडेट कंपनीने बंद केली, तो संगणक मुलांना टायपिंग शिकायला चालेल, पेढीच्या बँक खात्याला नको.

– एक संगणक तंत्रज्ञ, सोलापूर